टिंगल कोणाची, गुन्हा कोणावर?

२०२५ या एकाच वर्षात दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असे वरवर वाटते, पण आम्हांला त्या एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात.

पहिली घटना मुंबईची. २३ मार्च २०२५ च्या रात्री खारमधल्या ‘हॅबिटॅट’ या स्टुडिओची एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. तिथे चित्रित झालेल्या कार्यक्रमात कुणाल कामरा या स्टँडअप कलाकाराने एका हिंदी गाण्याच्या चालीवर शिंदे यांच्या २०२२ च्या बंडाचे विडंबन केले होते. तोडफोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कामरांवर मात्र गुन्हा दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक अनधिकृत बांधकामाचे कारण सांगत हातोडे घेऊन त्याच जागेवर हजर झाले. स्टुडिओच्या चालकांनी जागा बंद करत असल्याचे जाहीर केले.

दुसरी घटना दिल्लीची. ६ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज चालू असताना एका वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला. ‘सनातनचा अपमान सहन करणार नाही’ अशी त्याची घोषणा होती. खजुराहोच्या जवारी मंदिरातील भग्न विष्णुमूर्ती पुन्हा उभारावी अशी याचिका सप्टेंबरमध्ये फेटाळताना सरन्यायाधीश याचिकाकर्त्याला म्हणाले होते, की तुम्ही एवढे भक्त आहात तर देवालाच काही करायला सांगा. पुढे त्यांनी आपण सर्व धर्मांचा आदर करतो असे स्पष्टही केले होते. तरीही जोडा निघालाच. जोडा फेकणाऱ्याला पोलिसांनी चौकशी करून त्याच दिवशी सोडून दिले.

एकीकडे सत्ताधाऱ्याची खिल्ली उडवणारा कलाकार. दुसरीकडे देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेले पहिले बौद्ध सरन्यायाधीश आणि त्यांनी केलेली एक तिरकस टिप्पणी. दोघांनीही कोणाला हात लावला नव्हता, फक्त शब्द वापरले होते. उत्तर म्हणून एका ठिकाणी हातोडा आला आणि दुसऱ्या ठिकाणी जोडा.

या दोन्ही वेळी आपल्या तरुणांत बरीच चर्चा झाली. त्यातला एक सूर आम्हांला विचार करायला लावणारा वाटला. “स्टँडअप, विडंबन, अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही सगळी वरच्या वर्गाची चैन आहे. आपल्या शाहिरांना आत टाकले तेव्हा ही मंडळी कुठे होती? मग कामराचे आपल्याला काय?” हा राग खोटा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, असे आमचे मत आहे. का, ते या लेखात मांडतो.

बेअदबी ही आपलीच परंपरा

सत्तेची आणि देवादिकांची अदब न राखता बोलणे हे आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आले, असा एक समज आहे. आपले त्रिपिटक उघडून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते.

मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात एक तरुण ब्राह्मण तथागतांशी वाद घालायला येतो. ब्राह्मण हे ब्रह्माच्या मुखातून जन्मले म्हणून श्रेष्ठ, असा त्याचा दावा. तथागत त्याला साधा प्रश्न करतात : ब्राह्मण स्त्रियांनाही ऋतू येतो, गर्भ राहतो, बाळंतपण होते, त्या मुलांना दूध पाजतात, हे तर सगळ्यांना दिसते, मग हे मुखातून जन्मण्याचे काय? अडीच हजार वर्षांपूर्वी जातिश्रेष्ठत्वाच्या दाव्याची याहून नेमकी टर कोणी उडवली असेल?

दीघ निकायातले केवट्ट सुत्त तर नीट वाचले की हसू आवरत नाही. एका भिक्खूला प्रश्न पडतो, की चार महाभूते पूर्णपणे कुठे लय पावतात? तो एकेका देवलोकात विचारत फिरतो. सगळे देव त्याला वरच्या देवाकडे पाठवतात. शेवटी महाब्रह्मा प्रकट होतो आणि ‘मी सर्वज्ञ, मी निर्माता’ अशी स्वतःची बिरुदे ऐकवत राहतो. भिक्खू म्हणतो, मी ते विचारले नव्हते. तेव्हा महाब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि सांगतो, की या देवांसमोर मला बोलता येईना, पण मलाही ते ठाऊक नाही. तू बुद्धांनाच जाऊन विचार. आज एखाद्या कलाकाराने हा प्रसंग मंचावर जसाच्या तसा केला, तर किती पोलिस ठाण्यांत तक्रारी होतील याचा विचार करा.

हीच परंपरा पुढे महाराष्ट्रात चालत आली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला देवभोळेपणा काढला आणि भट-सावकारांचे पितळ गावोगाव उघडे पाडले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तेच काम केले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला राजकारण समजले ते या हसवता हसवता डिवचणाऱ्या फार्सांतून. १९७२ मध्ये ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला होणारी शिक्षा, या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलेल्या प्रश्नाने पांढरपेशा महाराष्ट्र हादरला. तेव्हाही चर्चा झाली ती भाषेच्या असभ्यपणाची. त्या स्त्रीवर झालेल्या अत्याचाराची चर्चा त्यामानाने फारच कमी झाली.

आणि १९८७-८८ चे रिडल्सचे आंदोलन आपण कसे विसरू? महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र साहित्याचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्णावरील परिशिष्टाने भावना दुखावल्या म्हणून तो भाग वगळा, अशी मागणी झाली. अमरावतीत ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. शासन झुकू लागले तेव्हा लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्या मोर्चानंतर हुतात्मा चौक ‘शुद्ध’ करण्याचा प्रकारही झाला. अखेर परिशिष्ट कायम राहिले. शासन या मतांशी सहमत आहेच असे नाही, एवढी टीप जोडली गेली. आपला समाज इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला तो एक पुस्तक बंद करण्यासाठी नव्हे, ते छापले जावे यासाठी. हा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याला दुसऱ्याची चैन म्हणू नये.

माध्यमांच्या खुर्चीत कोण बसले आहे?

वरच्या रागात जे खरे आहे ते आता पाहू. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९(१)(क) ने सर्वांना दिले. पण माईक सर्वांच्या हातात आला नाही.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झाला तेव्हा टिळकांच्या हयातीतच ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. शंभर वर्षांनंतर काय स्थिती आहे? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि मासिके यांतील नेतृत्वाच्या १२१ पदांचा अभ्यास झाला. त्यांतली १०६ पदे उच्चजातीय पत्रकारांकडे होती. अनुसूचित जाती आणि जमातींचा माणूस एकाही पदावर नव्हता.

या खुर्च्यांमुळे बातमीची भाषा ठरते. खैरलांजी २००६ मध्ये घडली, तेव्हा सुरुवातीला ती अनैतिक संबंधांतून झालेल्या भांडणाची बातमी म्हणून छापली गेली होती. जात सापडली ती आपले लोक रस्त्यावर आल्यावर. कामरांच्या घटनेवर वाहिन्यांनी रात्री रंगवल्या. एप्रिल २०२३ मध्ये ‘खोक्यां’वर आणि जनतेच्या हालांवर रॅप करणाऱ्या दोन मराठी तरुणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांच्या वाट्याला त्याच्या तुलनेत काहीच आले नाही. कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. खटला सुरू होण्याआधीच त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्यावर झालेल्या आरोपांच्या मुळाशी शनिवारवाड्यावरच्या कार्यक्रमातली गाणी आणि भाषणे होती, हे लक्षात घ्या.

१९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भारतीय पत्रकारितेवर कडक ताशेरे ओढले आहेत. पूर्वी ती एक जबाबदार पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे आणि विभूतिपूजा हे तिने आपले पहिले कर्तव्य मानले आहे, असा त्यांचा रोख होता. गांधी आणि जिना या त्या काळच्या दोन सर्वांत मोठ्या नेत्यांवर त्यांनी त्या व्याख्यानात बेधडक टीका केली होती. म्हणून त्यांच्यावर ‘निंदक’ म्हणून शिक्का मारला गेला. आजच्या वाहिन्या पाहताना हा मजकूर जुना वाटत नाही. जगातल्या माध्यमस्वातंत्र्याच्या क्रमवारीत २०२५ मध्ये भारत १८० देशांत १५१ वा होता.

तर राग खरा आहे. पण त्यावर उपाय काय? कामरांचा माईक बंद पडला तर तो आपल्या हातात येणार आहे का? उलट अनुभव असा आहे, की प्रसिद्ध माणसावर वापरून पाहिलेले हत्यार पुढे गावातल्या पोरावर बिनबोभाट वापरले जाते. कामरांना उच्च न्यायालयात जाता आले, वकील मिळाले, अटकेपासून संरक्षण मिळाले. तालुक्याच्या ठिकाणी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवणाऱ्या पोराला यातले काय मिळते?

याची दुसरी बाजूही आहे. सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवायचे, असा नियम केंद्राने २०२३ मध्ये आणला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. त्या प्रकरणातले एक याचिकाकर्ते कुणाल कामरा होते. आज आपली कितीतरी मुले मोबाईलवरून यूट्यूब वाहिन्या चालवतात, वस्तीतल्या पाण्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्या विषयांवर सरकारला जाब विचारतात. त्या निकालाचे छत्र त्यांच्याही डोक्यावर आहे. स्वातंत्र्य कोणाच्या नावाने मिळाले यापेक्षा ते कोणाला वापरता येते, हे आपल्यासाठी महत्त्वाचे.

वर मारलेला टोला आणि खाली मारलेली लाथ

मग विनोदाच्या नावाखाली काहीही चालवून घ्यायचे का? अजिबात नाही. इथे आपल्याला एक रेघ स्पष्ट ओढावी लागेल.

सरन्यायाधीशांवर जोडा फेकल्यानंतर समाजमाध्यमांवर काय फिरले ते आठवा. त्यांच्या गळ्यात मडके अडकवलेली, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रफीत लोकांनी ‘गंमत’ म्हणून पुढे पाठवली. नवी मुंबईत त्यावर गुन्हा नोंदवला गेला. गळ्यात मडके म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. ही न्यायाधीशाच्या निकालावरची टीका नव्हती. ‘तू कितीही वर गेलास तरी तुझी जागा आम्हांला ठाऊक आहे’ असा तो निरोप होता, आणि तो एका माणसापुरता नव्हता, तुम्हा-आम्हा सगळ्यांना होता.

पुरोगामी म्हणवणारी मंडळीही यात मागे नाहीत. मायावतींच्या दिसण्यावर आणि स्त्री असण्यावर केलेल्या एका जुन्या गलिच्छ विनोदाची चित्रफीत मे २०२१ मध्ये पुन्हा समोर आली. तो विनोद करणारे अभिनेते रणदीप हुडा यांना संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या एका पर्यावरण कराराच्या सदिच्छादूत पदावरून दूर केले गेले. देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचे मुख्यमंत्रिपद चार वेळा भूषवलेल्या स्त्रीच्या राजकारणावर, पुतळ्यांवर, युत्यांवर विनोद करायला भरपूर जागा आहे. तो करावा. पण त्या विनोदाला तिचे राजकारण नको होते. त्याला तिची जात आणि तिचे शरीर हवे होते, आणि समोरचा श्रोतृवर्ग खळखळून हसत होता.

म्हणून आमची कसोटी सोपी आहे. विनोद कोणाच्या कृतीवर आहे की जन्मावर? तो सत्ता असलेल्या माणसाला खाली खेचतो, की आधीच खाली दाबलेल्या माणसाला आणखी दाबतो? पहिल्या प्रकाराला वरचा टोला म्हणू, दुसऱ्याला खालची लाथ. उपमुख्यमंत्र्याच्या पक्षबदलावरचे विडंबन हा टोला. गळ्यात मडके ही लाथ. दिव्यांग व्यक्तींची टवाळी केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काही प्रसिद्ध विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितले, तेव्हाही प्रश्न हाच होता.

हा फरक कायद्यानेही ओळखला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने दोन पोटकलमे आली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ३(१)(यू) हे अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवण्याबद्दल आहे. ३(१)(व्ही) हे या समाजांना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अनादराबद्दल आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे हे संरक्षण त्यांनाही आहे. ही कलमे आपल्याला भीक म्हणून मिळालेली नाहीत. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. ज्या देशात गाणे वाजवण्यावरून खून होतो, तिथे शब्दांची हिंसा ही कल्पनेतली गोष्ट नाही.

आणि बाबासाहेबांवर कोणी बोलले तर?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. आम्ही तो टाळणार नाही.

मे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर यांचे ते व्यंगचित्र १९४९ चे. घटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, असे ते चित्र. पुस्तकाचे सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पाठोपाठ पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

त्या व्यंगचित्राबद्दलचा आक्षेप पोकळ होता, असे आम्ही म्हणत नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची शंभरहून अधिक व्यंगचित्रे शोधून, प्रत्येकाचा संदर्भ मांडून २०१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ती चित्रे एकामागून एक पाहिली की कळते, नामांकित इंग्रजी वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रकारांना हा माणूस कसा दिसत होता. कधी बुटका, कधी हट्टी मूल, कधी स्त्रीच्या वेशात. जातीच्या चष्म्यातून काढलेले ते हसू होते. वर्गात शिक्षकाने संदर्भ न सांगता ते चित्र दाखवले, तर चाबूक कोणावर उगारला आहे याचा अर्थ दलित विद्यार्थ्याला वेगळाच लागणार.

पण या दोन उत्तरांची तुलना करा. एका उत्तराने खुर्च्या, काचा फोडल्या. त्यातून मुद्दा पुढे गेला नाही. ‘हे लोक असहिष्णू आहेत’ असे म्हणायला प्रस्थापितांना आयते निमित्त मिळाले. दुसऱ्या उत्तराने वर्षानुवर्षे ग्रंथालये धुंडाळली आणि त्या व्यंगचित्रकारांनाच इतिहासाच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. कोणते उत्तर जास्त काळ टिकेल? आम्हांला वाटते, पुस्तक टिकेल.

रिडल्सच्या वेळी आपण म्हटले, की बाबासाहेबांना रामावर लिहिण्याचा हक्क आहे. मग बाबासाहेबांच्या विचारांवर कोणी टीका केली, त्यांच्या एखाद्या निर्णयाची चिकित्सा केली, तर तो हक्क त्याला नाकारण्याचा आपल्याला कोणता आधार? स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बजावले होते, की राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि अंती हुकूमशाहीचा मार्ग आहे. ज्यांनी विभूतिपूजेविरुद्ध आयुष्यभर लिहिले, त्यांचीच विभूती करून तिच्याभोवती कुंपण घालणे म्हणजे त्यांचा पराभव आहे.

दीघ निकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, याच प्रश्नापासून सुरू होते. तथागत भिक्खूंना सांगतात, की कोणी माझी, धम्माची किंवा संघाची निंदा केली तर संतापू नका. संतापलात तर ती निंदा खरी की खोटी हे तुम्हांला कळणारच नाही. जे खोटे असेल ते खोटे का आहे, हे समजावून सांगा. स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका. समाजमाध्यमांच्या काळात याहून उपयोगी सल्ला कोणता असेल? जोडा फेकला गेल्यावर सरन्यायाधीश गवई यांनी वकिलांना विचलित न होता युक्तिवाद पुढे चालू ठेवायला सांगितले. त्या क्षणी त्यांनी ब्रह्मजाल सुत्तच आचरणात आणले, असे आम्हांला वाटते.

यात आणखी एक कडू भाग आहे, तो म्हणजे आपले आजचे नेते. गटातटांच्या राजकारणावर, निवडणुकीच्या तोंडावर होणाऱ्या सौदेबाजीवर, एका कमिटीचे रातोरात दोन भाग होण्यावर आपल्याच पोरांनी विनोद केला, तर त्याला ‘चळवळद्रोही’ ठरवून गटातून काढले जाते. बाहेरच्यांना आपण कलम १९ शिकवतो आणि घरात ते लागू करत नाही. जलशाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

आता काय करायचे?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. त्यावर समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. ‘बेकायदा कृत्य’ या शब्दाच्या व्याख्येत बोललेले, लिहिलेले, खुणांनी दाखवलेलेही येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. सरकार म्हणते हे कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे. पण शब्दावर गुन्हा नोंदवण्याची मुभा एकदा मिळाली, की ती पुढे कोणावर वापरली जाईल याची हमी कोण देणार? कबीर कला मंचाचा अनुभव ताजा असताना आपण तरी गाफील राहू नये.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही व्यवहारी गोष्टी मांडतो.

एक, आक्षेपार्ह मजकूर दिसला की तो पुढे पाठवू नका. निषेध म्हणून पाठवला तरी त्याचा प्रसार आपणच करतो. स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव जपून ठेवा. मग आधी ठरवा, की ही टीका आहे की जातीय अपमान. टीका असेल तर लेखाने, व्हिडिओने, हवे तर दुप्पट चांगल्या विनोदाने उत्तर द्या. जातीय अपमान असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्या. या कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे, हे ठाणे अंमलदाराला शांतपणे दाखवा. तोडफोड, काळे फासणे, घरावर मोर्चा नेणे यांतले काहीही करू नका. आपल्या पोरांवर नोंदवलेले सगळेच गुन्हे मागे घेतले जात नाहीत, हे भीमा-कोरेगावनंतर आपण सोसले आहे.

दोन, उलट बाजूने आपल्या माणसावर शब्दांसाठी गुन्हा दाखल झाला, तर २८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाच्या हातात ठेवा. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अभिव्यक्तीच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असे त्यात म्हटले आहे. शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या, जिथे तिथे धोका पाहणाऱ्या माणसाच्या मापाने मोजू नये, असेही न्यायालयाने सांगितले आहे. कलम ६६-अ मार्च २०१५ मध्येच रद्द झाले आहे. ते कोणी लावले तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

तीन, प्रत्येक जिल्ह्यात शाहीर, रॅपर, यूट्यूबर, व्यंगचित्रकार यांच्यासाठी दोन-तीन वकिलांचे नंबर आणि जामिनासाठी छोटा निधी तयार असावा. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला लहानसा वाटा यासाठी बाजूला काढला तरी पुरे. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो उभा राहू शकला. आजच्या मूकनायकांना आपण काय देतो, हे स्वतःला विचारा.

चार, बोलण्याआधी तथागतांनी अभयराजकुमार सुत्तात दिलेली कसोटी लावा. हे खरे आहे का? हिताचे आहे का? वेळ योग्य आहे का? ऐकणाऱ्याला ते आवडले पाहिजे, अशी अट त्यात नाही. सत्य आणि हितकारक बोलणे अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे, असे तथागत सांगतात. सम्यक वाचा म्हणजे गोड वाचा असा अर्थ लावणाऱ्यांनी हे सुत्त पुन्हा वाचावे.

सत्तेला स्तुतीची सवय असते आणि हसण्याची भीती वाटते. हातोडा आणि जोडा दोन्ही त्या भीतीतून येतात. ज्यांच्या पूर्वजांना थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागले, त्यांचे तोंड उघडे राहिले पाहिजे, ही आपल्या लढ्याची पहिली मागणी आहे. ती मागणी आपल्यापुरती ठेवली तर ती टिकणार नाही. दुसऱ्याचे तोंड बंद होताना आपण गप्प राहिलो, तर उद्या आपल्या बाजूने बोलायला कोणाला हाक मारणार?

नमो बुद्धाय! जय भीम!